आप्पांची विरजणाची वाटी

आमच्या पिरनवाडीत नव्या बंगल्यात कोणी राहायला आलं, की दोन-तीन दिवसांत आप्पा रिकामी वाटी घेऊन त्यांची बेल वाजवायचे. "इरजण हाय काय वाईच?"

आप्पा दही खात नसत. गुडघे धरतात म्हणायचे. वाटी होती ती निव्वळ संशयापोटी. त्यांच्या शेताचे प्लॉट पडले, त्यावर आमची कॉलनी उभी राहिली, आणि तेव्हापासून एकदम सुखी झालेल्या माणसांवर त्यांचा विश्वास बसेना. स्वतःच्या तिमजली घरावरही नव्हता.

"सर, लई हसत्यात ही माणसं. काय तरी लपवत असणार," ते मला दबक्या आवाजात सांगत.

परीक्षा सोपी होती. घरात विरजण असेल, तर तिथे उद्याच्या जेवणाची कोणाला तरी काळजी आहे. समोरच्या बंगल्यातल्या सूनबाईंनी मोठ्या मनाने फ्रिजमधला अख्खा विकतचा डबा दिला, तर आप्पा माझ्या फाटकाशी येऊन म्हणाले, "नापास. दह्यावर तारीख छापलीया!"

माझी बायको सुमन मात्र त्यांना चमचाभर विरजण देत असे. लग्नात गुंजीहून, माहेराहून आणलेलं ते विरजण तिने कधी संपू दिलं नव्हतं.

"आप्पा, आमची तपासणी अजून संपली नाही?" ती हसून विचारायची.

"हसू नगासा वैनी. मला भ्या वाटतंय."

सुमन गेली. सुतकात चूल बंद होती. पाहुणे पांगल्यावर मी फ्रिज उघडला, तर तिच्या दह्यावर बुरशी आली होती. भांडं घासताना जाणवलं, आता हेही संपलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात आप्पा, हातात वाटी. माझं डोकंच फिरलं. हा माणूस आता दुःखही तपासायला आला?

"विरजण नाही, आप्पा. झालो आम्ही नापास."

"ठाव हाय," म्हणत त्यांनी वाटी पुढे केली. ती काठोकाठ भरलेली होती. "वैनींचंच हाय. त्यांनी दिल्यापासनं रोज लावत आलोय."

"तुम्ही तर दही खात नाही."

"मांजर खातंय." आप्पांनी मागे वळून पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना. "पोरगा पुण्यात. राती कुणासाटनं तरी दुधाला इरजण लावायचं हाय म्हटलं, की घरात माणूस असल्यागत वाटतंय."

मी वाटी घेतली. ते पायऱ्या उतरले आणि फाटकापाशी थांबून ओरडले,

"उद्या येतो इरजण न्यायला. इकतच्या दह्याचं पाकीट काढलासा तर बघा!"