तिघांच्या फोटोत मधे कोण?

फोटो काढण्यात अख्ख्या नामदिन्हमध्ये माझा हात धरणारा कुणी नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. हनोईत एका चिनी उस्तादाकडे मी ही कला शिकलो आणि इथे रेशीमबाजारात दुकान थाटलं. छपराला काच, मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर संगमरवरी जिना आणि एक मोर. समोर रेशीमवाल्या आजीचं दुकान आणि त्या दुकानात आजीची नात, लुआ. वर्षभर मी कॅमेऱ्यात कमी आणि समोरच्या दुकानात जास्त बघत होतो. लग्न करीन तर हिच्याशीच, असं माझं पक्कं ठरलं होतं. लुआ सोडून सगळ्या बाजाराला ते ठाऊक होतं.

अशात संधी स्वतःच्या पायांनी दुकानात आली. लुआचे वडील सायगॉनला भाताच्या गिरणीत मुकादम. ओळखीचा एकजण दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बोटीने तिकडे निघणार होता. त्याच्याबरोबर घरच्यांचा फोटो धाडावा, असा आजीने बेत केला. आजी आली, लुआ आली आणि लुआची आत्या थिन आली. थिनताई पस्तिशीची, लग्न राहून गेलेलं, जिभेला धार अशी की रेशीम कापायला कात्री नको.

आजी खुर्चीत बसली आणि ताडकन उठली.

"अरे ख्वात, आम्ही तिघी आहोत."

तिघांच्या फोटोत मधला माणूस लवकर जातो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

"आई, तू बस मधे," थिनताई म्हणाली. "तुझं आता वय झालं."

"शवपेटी करून ठेवली म्हणजे मला घाई झाली असं नाही. तू राहा उभी. तुझ्यामागे रडायला नवराबिवरा आहे का?"

लुआ गुपचूप कडेला सरकली. आजीने बाजारातून आणलेली कोंबडी टोपलीतून बाहेर काढली. "हिला धर चौथी. जीव तो जीव."

"आजी, चार आकडे मोजेपर्यंत कुणी हलायचं नसतं. कोंबडीला कोण समजावणार? त्यापेक्षा चौथा मीच उभा राहतो."

माझं डोकं कसं चालतं बघा! सासरेबुवा सायगॉनला बसल्या बसल्या जावई बघणार, म्हणजे अर्धी सोयरीक झालीच. कॅमेऱ्याला लांब रबरी नळी होती, टोकाला फुगा. तो मुठीत दाबला की काम झालं. मी पगडी नीट केली आणि लुआच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"पोरीशेजारी परका पुरुष?" आजी कडाडली. "तिकडे हो, थिनच्या बाजूला."

झालं. एका टोकाला लुआ, मग आजी, मग थिनताई, दुसऱ्या टोकाला मी. तिथून लुआ दिसेना. म्हणून मी किंचित पुढे झुकलो, थिनताईच्या हातावरून मान लांबवली आणि फुगा दाबला. फुग्याने चारचौघांत काढू नये असा आवाज काढला. लुआ फिस्सकन हसली.

संध्याकाळी कॅमेऱ्यातली फोटोची काच धुतली. आजी लख्ख आली होती. थिनताई तर कोरल्यासारखी. मीही बरा होतो, तोंड तेवढं उघडं. लुआ मात्र गळ्यापर्यंतच होती, वर नुसता धूर. पुन्हा काढावा तर सूर्य मावळलेला आणि माझं दुकान चालतं सूर्यावर. तसाच फोटो घेऊन समोर गेलो.

"बापाला बिनडोक्याची पोर पाठवू?" आजी म्हणाली. "काप तिला."

जड हाताने मी लुआला कापलं.

थिनताईने बोट ठेवून मोजलं. "आता तिघं उरलो. आणि मधे मी."

"मग मला कापतो," मी म्हणालो. कात्री लावली तर माझी बाही तिच्या दंडावर आडवी पसरलेली.

"हात तोडतोस माझ्या लेकीचा?" आजीने माझं मनगट धरलं. फोटोत हात तुटला की पुढे खराही जायचा, ही तिला धास्ती. तिने बराच विचार केला. "त्यापेक्षा मला काप. माझं तोंड बघून लेकाला काय नवीन कळणार आहे?"

उरला जिना, मोर, थिनताई आणि मी. मी तिच्याकडे झुकलेला, तोंड उघडं. मी बघत होतो तिच्या पलीकडे, पण पलीकडचं सगळं कापल्यामुळे नजर थेट तिच्यावरच खिळलेली दिसत होती. थिनताईने फोटो दिव्याजवळ नेला.

"मी इतकी काही वाईट दिसत नाही," ती हळूच म्हणाली. तिला हळू बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

महिन्याभरात लुआचे वडील स्वतःच येऊन थडकले. माझ्यासाठी सायगॉनचे बूट आणलेले. त्यांनी मला मिठी मारली आणि ढसाढसा रडले.

"माझ्या बहिणीकडे असं बघणारा माणूस भेटेल, ही आशा मी सोडली होती रे! गिरणीत सगळ्यांना दाखवला फोटो. पानसुपारी घेऊन कधी येतोस?"

मी आजीकडे बघितलं. आजीला अचानक कोंबड्यांची आठवण झाली आणि ती परसात गेली. मी थिनताईकडे बघितलं.

"नको असेल तर आत्ता सांग, ख्वात," ती म्हणाली. "मागाहून जन्मभर कुरकुर नको."

जीभ तीच, धारही तीच. पण हात थरथरत होते आणि ती ते बाहीत लपवत होती. नकार माझ्या अगदी ओठांवर होता. खरं सांगतो, ते हात बघितले आणि मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटता वाटता ती जरा आवडलीसुद्धा.

"कुरकुर कशाला करीन?" मी म्हणालो.

वडिलांनी लुआला पुढे ढकललं. "बघतेस काय? पाया पड."

मी वर्षभर जिच्यासाठी झुरलो, ती लुआ माझ्यासमोर दोन्ही हात जोडून वाकली आणि इतक्या गोड आवाजात "आतोबा" म्हणाली की काय करणार, माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "सुखी राहा, बाळ."