चाळीस मिनिटांचं वायफाय

शुक्रवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी आईच्या संगणकाचं वायफाय गेलं. संगणक दहाला सुरू केला होता. आदल्या संध्याकाळी ते पाच वाजून चाळीस मिनिटांनी गेलं होतं, कारण तेव्हा पाचला सुरू केला होता. आईने टेबलावरच्या कागदावर वेळ टिपली आणि मुलीकडे बघून म्हणाली, "वक्तशीर आहे हो. तुझ्या मामापेक्षा बरं."

"आई, उद्या परीक्षा आहे."

"म्हणूनच तर लिहून ठेवतेय."

परीक्षा शनिवारी अकराला होती. एका संस्थेला माहितीपटांच्या खाली येणाऱ्या ओळी लिहायला माणसं हवी होती, घरी बसून. आईने तीस वर्षं लघुलेखकाची नोकरी केलेली. बोलणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत तिचं टाइप करून झालेलं असायचं. चाळणी परीक्षेत ती पहिली आली होती. आता शेवटची परीक्षा, सलग दोन तास. जोडणी दोन मिनिटांपेक्षा जास्त तुटली की पेपर आपोआप बंद, आणि पुन्हा संधी नाही. नोंदणी याच संगणकावरून झालेली, त्यामुळे पेपर दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर उघडणार नव्हता. तारेने जोडावं, तर तार घालायची खाच केव्हाच मोडलेली.

वडील जाऊन सात महिने झाले होते. या सात महिन्यांत आईने स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट, आणि तीही "लागलं तर लागलं" अशा सुरात. पण परीक्षेसाठी तिने नवा चष्मा करून आणला होता आणि तो डबीतून बाहेर काढायला तयार नव्हती. मुलगी दोन दिवसांची रजा टाकून आली होती ती या डबीमुळेच.

संगणक वडिलांचा होता. त्यावर विंडोज नव्हतं, पेंग्विनच्या चिन्हाचं लिनक्स होतं. वडिलांनी निवृत्तीनंतर घरातल्या सगळ्या यंत्रांवर, आणि ओळखीतला जो कोणी नाही म्हणायला उशीर करेल त्याच्या यंत्रावर, लिनक्स बसवलं होतं. वायफाय जाण्याचं दुखणं जुनंच होतं, पण वडील असताना त्याचं कुणाला काही वाटत नसे. आई हाक मारायची, "अहो, गेलं." वडील हातातलं टाकून यायचे. "तू जरा गच्चीवर चकरा मारून ये. मागे उभी राहिलीस की मला सुचत नाही." दहा मिनिटांनी ती खाली येई तोवर वायफाय आलेलं असायचं. या एका गोष्टीवर वडिलांना सगळ्या नातेवाइकांत संगणकतज्ज्ञ म्हणून मान होता.

ते गेल्यावर आईने पहिल्यांदा फोन केला तेव्हा मुलीने सांगितलं होतं, "यंत्र बंद करून परत चालू कर." ते लगेच चाललं. तेव्हापासून आई दिवसाला सहा-सात वेळा तेच करत होती. परीक्षेच्या मधोमध मात्र यंत्र बंद करता येणार नव्हतं.

मुलीने वायफाय पुरवणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची बाई अत्यंत गोड होती. "मॅडम, स्क्रीनवर खाली डाव्या कोपऱ्यात काय दिसतंय?"

"पेंग्विन."

पलीकडून कळा बडवल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, "मॅडम, तो तुम्ही स्वतः ठेवलाय का?"

एवढ्यात मामा आला. मामा वीजमीटर खात्यातून निवृत्त झाला होता आणि ज्या यंत्राला दिवा लागतो ते आपल्या अखत्यारीतलं समजत होता. त्याच्या हातात दोन शिंगांचा एक काळा डबा होता.

"हे काय आणलंस?" आईने विचारलं.

"सिग्नल वाढवतो. ताई, तुझ्या घराच्या भिंती जाड आहेत."

"अरे, राऊटर याच खोलीत आहे."

"मध्ये हवा असते ना पण."

मुलीने नको म्हणेपर्यंत मामाने डब्याची तार राऊटरला जोडून टाकली. डब्यावर चार हिरवे दिवे लागले आणि मामाने मागे सरून हाताची घडी घातली. पाच मिनिटांनी टीव्ही बंद पडला. मग मुलीचा फोन. मग छपाईयंत्राने एक कोरा कागद बाहेर टाकला आणि मान टाकली.

"मामा, हा सिग्नल वाढवणारा डबा नाहीये," मुलगी डबा उलटा करून म्हणाली. "हा तुझा जुना राऊटर आहे."

"मग जुना असला तर काय झालं? जुनं ते दणकट."

"घरात यंत्रांना इंटरनेटचे पत्ते वाटणारा एकच असावा लागतो. प्रत्येक यंत्र त्याच्याकडे जाऊन पत्ता मागतं. तो ठरावीक मुदतीसाठी देतो, आणि मुदत संपायच्या आत ती वाढवून घ्यायची असते. वाचनालयातल्या पुस्तकासारखं. आता घरात दोन ग्रंथपाल झालेत, आणि तुझ्या ग्रंथपालाकडे पुस्तकंच नाहीत."

"पण माणूस तर वाढला ना," मामा म्हणाला.

दारावरची घंटा वाजली. शेजारचे दातवाले काका दारात उभे होते. अंगात पांढरा कोट, हातात मोजे.

"वहिनी, आमचं वायफाय गेलंय."

"तुमचं?"

"म्हणजे तुमचंच. आमच्याकडे येतं ते." दातवाले थोडे ओशाळले. "दादांनी दिलं होतं मला. त्यांच्या दाढेच्या वेळी. आता खुर्चीत एक पेशंट तोंड उघडून बसलाय आणि त्याचा फोटो उघडत नाहीये."

आईने त्यांच्याकडे थंड नजरेने पाहिलं. दातवाल्यांशी ती नेहमीच तुटक बोलायची. का, ते मुलीला कधी कळलं नव्हतं. मुलीने मामाच्या डब्याची तार उपटली. मामा म्हणाला, "काढा, काढा. चांगलं केलेलं कुणाला बघवत नाही." नेमक्या त्याच वेळी आईच्या संगणकाचं वायफाय गेलं. आईने यंत्र बंद करून चालू केल्यापासून चाळीस मिनिटं झाली होती.

"दादा हे कसं दुरुस्त करायचे ते मी पाहिलंय," दातवाले म्हणाले. "शेजारी बसून. मी करू का?"

कुणी हो म्हणायच्या आत ते खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढून कोटाला पुसला. "आधी हे." आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली. "मग हे."

"पुढे काय टाइप करायचे बाबा?" मुलीने विचारलं.

"टाइप असं फार नाही करायचे. शीळ घालायचे. मग मला वाटतं सुडोकू सोडवायचे. म्हणायचे, यंत्राला घाई केलेली चालत नाही."

दातवाल्यांनी शीळ घातली. मामा त्यांच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होता. आई खुर्चीमागे उभी राहून दातवाल्यांच्या टकलाकडे बघत होती. पेशंटला सगळेच विसरले. बरोबर दहाव्या मिनिटाला वायफाय आलं.

"हात लागतो," दातवाले नम्रपणे म्हणाले आणि आपल्या पेशंटकडे गेले.

मुलीला मात्र ते पटलं नाही. तिने आपल्या फोनचं इंटरनेट संगणकाला दिलं, घरच्या राऊटरचं बटण बंद केलं आणि घड्याळ लावून बसली. चाळिसाव्या मिनिटाला तेही गेलं.

"तुझा फोन बिघडला," मामा म्हणाला.

"फोन ठीक आहे. राऊटरही ठीक आहे. जे काय आहे ते या यंत्राच्या पोटात आहे."

राऊटर पुन्हा चालू करून तिने यंत्राची नोंदवही उघडली. यंत्र स्वतःच्या प्रत्येक हालचालीची तीत वेळेसकट नोंद ठेवतं. आई शेजारी स्टूल घेऊन बसली. बसताना तिने टेबलाचा आधार घेतला. या खेपेस ती जिनाही एकेक पायरी थांबून चढत होती, आणि मुलीने विचारल्यावर म्हणाली होती, वय झालं.

"अगं, हे बघ. राऊटरने पत्ता दिलाय चोवीस तासांसाठी. चाळीस मिनिटांनी यंत्र स्वतःहून जाऊन सांगतंय, हा घ्या परत. आणि मग दहा मिनिटं नवीन मागतच नाही. नुसतं बसून राहतंय."

"कुणी सांगितलं त्याला असं करायला?"

"तेच शोधतेय."

सापडायला अर्धा तास लागला. वडिलांच्या कप्प्यात एक छोटी फाइल होती, नाव ‘पाय-मोकळे’. यंत्र सुरू झालं की ती आपोआप चालू व्हायची. आत सहा ओळींच्या आज्ञा होत्या आणि त्यांच्या वर दुप्पट लांबीचा खुलासा. वडिलांनी देखभाल विभागात नोकरी केली होती. कारण लिहून ठेवल्याशिवाय ते स्क्रूसुद्धा काढत नसत. मुलीने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला थांबली. तेव्हा मामाने चष्मा चढवला आणि मीटरचं रीडिंग सांगावं तशा आवाजात मोठ्याने वाचलं.

"काम: दर चाळीस मिनिटांनी जोडणी सोडणे. दहा मिनिटांनी परत घेणे. कारण: हिचे गुडघे. डॉक्टरांनी सलग बसायला मनाई केली आहे. तोंडी सांगून पाहिले, चार वेळा. उपयोग नाही. आधी तीस मिनिटे ठेवली होती, तिला शंका आली. चाळीस केली. तिने विचारल्यास राऊटर तापला असे सांगणे. थंडीत हे पटत नाही. थंडीत शेजारच्यांचे दातांचे यंत्र चालू आहे असे सांगणे."

मामाने चष्मा सारखा केला आणि पुढचं वाचलं.

"मंगळवारी अकरा ते बारा लागू नाही. बहिणीशी बोलते, तेव्हा उभीच असते. सूचना: यंत्र बंद करून चालू केल्यास चाळीस मिनिटे नव्याने मोजली जातात व उठावे लागत नाही. हे तिला कुणीही शिकवू नये."

मुलीने स्क्रीनकडे बघणं सोडलं नाही. सात महिन्यांत दिवसाला सहा वेळा म्हणजे किती, ते तिला मनातल्या मनात करता आलं असतं. तिने केलं नाही.

"सहा वर्षं," शेवटी आई म्हणाली. "सहा वर्षं मी त्या भल्या माणसाशी धड बोलले नाही. दाताचं यंत्र म्हणे."

"ताई, त्यांनी तुझ्यासाठीच..."

"तू गप्प बस. मी तिकडे गच्चीवर चकरा मारायचे, जीव लावून वाट बघायचे की आता झालं असेल, आता झालं असेल. आणि हे इथे सुडोकू सोडवत होते." ती उठली, टेबलाला धरून. "वरून माझ्याकडेच पाणी पण मागायचे. दमलो म्हणून."

मामा हसायला लागला. आईने त्याच्याकडे रागाने पाहिलं, आणि मग तीही हसली, पण थोडंच.

"काढून टाकू?" मुलीने विचारलं.

"काढून नको. उद्यापुरतं बंद ठेव."

शनिवारी अकराला पेपर सुरू झाला. मामाला बाहेरच्या खोलीत बसवून त्याच्याकडून कशालाही हात न लावण्याचं वचन घेतलं होतं. मुलगी दाराशी उभी होती. चाळिसावं मिनिट आलं आणि गेलं. ऐंशीवं आलं आणि गेलं. आईची बोटं थांबली नाहीत. एक वाजता पडद्यावर ‘पेपर जमा झाला’ असं आलं, आणि पाच मिनिटांनी निकालही. निवड झाली होती. सोमवारपासून काम, रोज सहा तास, तुकड्यातुकड्याने पाठवायचं. मध्ये हवं तेव्हा उठता येणार होतं.

"आई, झालं."

"हो. वाचलं मी."

"मग उठ ना."

"उठता येत नाहीये," आई शांतपणे म्हणाली.

दोन्ही गुडघे दोन तासांत जागच्या जागी धरले होते. मुलीने एका बाजूने उचललं. मामाने दुसऱ्या बाजूने उचललं, पण त्याची कंबरच आधी बोलली. शेवटी दातवाल्यांना बोलवावं लागलं. ते कोटासकट आले आणि त्यांनी आईला खुर्चीतून इतक्या सफाईने काढलं की मुळापासून काढल्यासारखं वाटलं. तिला धरून खोलीत तीन चकरा मारल्या. चौथ्या चकरेला आई त्यांना म्हणाली, "चहा घेऊन जा." सहा वर्षांत पहिल्यांदाच ऐकल्यामुळे दातवाले जरा घाबरले. पण बसले.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मुलगी संगणकापुढे बसली. आई पलंगावर पाय लांब करून पडली होती, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी.

"ते परत चालू कर," आई म्हणाली.

"चाळीस?"

"पन्नास कर. आता काम आहे मला."

"बाबांनी चाळीस लिहिलंय."

"त्यांना काय होतं लिहायला. त्यांच्याशी मी बोलेन."

मुलीने आकडा बदलला. वडिलांच्या शेवटच्या ओळीखाली तिने तारीख घातली आणि त्यांच्याच पद्धतीने कारण लिहिलं: पन्नास केली, तिच्या सांगण्यावरून. मग ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

आई पडल्या पडल्या छताकडे बघत राहिली. मुलीने फाइल बंद करायला घेतली.

"पंचेचाळीस कर," आई म्हणाली. "अगदीच त्यांचं ऐकलं नाही, असं नको व्हायला."