संगणकावर सरळ झालेलं वळण

पिपरटोल्याच्या वळणावर गाड्या उलटतात, ही गोष्ट गावाने निसर्गनियम म्हणून केव्हाच मान्य केली होती. गोरेगावचा रस्ता इथे एकाएकी असा मोडतो, की नवखा ड्रायव्हर थेट बाहेरच्या नाल्यात जातो. आधी माणसं बाहेर काढायची, त्यांना पाणी पाजायचं आणि मग मालाची विचारपूस करायची, असा गावचा शिरस्ता होता. कच्च्या केळ्यांचा ट्रक उलटला तेव्हा आठवडाभर कुठल्याही घरात दुसरी भाजी झाली नाही.

यादोराव रहांगडाल्यांनीही तेव्हा दोन घड नेले होते. पण यंदा त्यांची नात रेणू गोरेगावच्या शाळेत व्हॅनने जायला लागली आणि पहिल्याच दिवशी वळणावर व्हॅनची दोन चाकं उचललेली त्यांनी पाहिली. त्या क्षणी त्यांना रस्तासुरक्षेचं महत्त्व पटलं. शेजारच्या बांधीचे, म्हणजे धानाच्या शेताचे, मालक उदेलाल बिसेन यांची नात चेतना त्याच व्हॅनमध्ये होती. दोघांनी मिळून अर्ज केला आणि बांधकाम खात्याला सळो की पळो करून सोडलं.

पूर्वी खातं ‘चालकाचा निष्काळजीपणा’ एवढं लिहून मोकळं व्हायचं. आता जमाना विज्ञानाचा आहे. इंद्रकुमार नावाचे तरुण इंजिनिअर गोंदियाहून लॅपटॉप आणि प्रोजेक्टर घेऊन आले आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्यांनी हुबेहूब वळण उमटवलं. कॉम्प्युटरमधली व्हॅन आली, वळली आणि उलटली. पुन्हा आणली, पुन्हा उलटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण खऱ्या अपघातात एवढं स्वच्छ दिसत नाही.

सोबत आलेले मोठे साहेब मात्र गंभीर झाले. रस्ता मंजूर नकाशाप्रमाणे बांधलेला असल्याने त्यावर गाडी उलटणे नियमबाह्य आहे, सबब दोष गाडीत असणार, असं त्यांचं मत पडलं. त्यांच्या आज्ञेवरून व्हॅनचा वेग कमी केला. उलटली. टपावरची दप्तरं काढली. उलटली. मग मुलं एकेक करून उतरवली. शेवटी रिकामी व्हॅन बैलगाडीच्या चालीने डौलात वळण पार करून गेली, तेव्हा साहेबांनी रस्ता निर्दोष असल्याचं जाहीर केलं.

“पण साहेब, शाळेत लेकरं जाऊन राहिले, गाडी नाही,” यादोराव म्हणाले.

हा मुद्दा अभ्यासाच्या कक्षेबाहेरचा आहे, असं सांगून साहेब चहाला गेले. त्यांची पाठ फिरताच इंद्रकुमारांना राहवलं नाही. त्यांनी वळण पुसलं आणि रस्ता सरळ ओढला. मुलांनी भरलेली व्हॅन दप्तरांसकट भरधाव निघून गेली, हललीसुद्धा नाही. यादोरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा एकदा पाहताना ते आटलं, कारण व्हॅन ज्या हिरव्या तुकड्यातून जात होती तो ओळखीचा होता.

“हे तं माही बांधी हाये.”

“थोडासा पट्टा जाएगा, काका. मोबदला मिळेल,” इंद्रकुमार म्हणाले.

यादोरावांनी अगदी निःस्वार्थपणे रेघ उदेलालच्या बांधीत सरकवायला सुचवलं. व्हॅन तिथूनही सुखरूप गेली. नातीसाठी जीव देईन म्हणणाऱ्या उदेलालना मग एकदम माळव्याहून आलेले बापजादे आठवले, त्यांनी फोडलेली जमीन आठवली. यादोरावांचे बापजादे काही वेगळ्या मुलखातून आले नव्हते, त्यामुळे त्यांनाही ते आठवले. रेघ दोघांच्या मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे सामाईक बांधावरून, निम्मी-निम्मी नेली, तेव्हा तर दोघे एका सुरात भांडायला उठले.

“मशीनचं काय जाते?” उदेलाल म्हणाले. “तिच्या नावानं सातबारा थोडीच हाये.”

चहा घेऊन परतलेल्या साहेबांनी तोडगा काढला. कुणाचीही इंचभर जमीन न घेता काम पूर्ण झाल्याचं वर कळवण्यात आलं आणि वळणावर फलक लागला: ‘सदर वळण संगणकावर सरळ करण्यात आले आहे. चालकांनी त्यानुसार वाहन चालवावे.’ एका आज्ञाधारक ट्रकवाल्याने त्यानुसार चालवलं. त्याला नाल्यातून काढावं लागलं.

यादोरावांचा जीव काही थाऱ्यावर येईना. अखेर त्यांनी आपल्यापुरता प्रश्न सोडवला. वळणाआधी व्हॅन थांबवायची, रेणूला उतरवून बांधीतून सरळ पलीकडे न्यायचं आणि व्हॅन वळून आली की पुन्हा बसवायचं. दुसऱ्या दिवशी सगळीच पोरं तिच्यामागून उतरली आणि नुकती झालेली धानाची रोवणी तुडवत निघाली. यादोरावांनी संध्याकाळच्या आत बांधीला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि त्यात एका नातीपुरती वाट ठेवली.

सकाळी त्या वाटेने आत आल्यावर रेणूने मागे वळून पाहिलं. चेतना व्हॅनच्या खिडकीतून बघत होती.

“आबाजी, चेतनाले काऊन नाही येऊ देत?”

“तिच्या आबाजीची बांधी हाये ना तिकडं,” यादोराव म्हणाले आणि नातीचा हात घट्ट धरून चालू लागले.

व्हॅन भरलेलीच वळणाकडे गेली. ती कशीबशी वळून पलीकडे येईपर्यंत यादोराव खात्याच्या नावाने बोटं मोडत उभे होते.

तुम्ही म्हणाल, काय ही माणसं! खुशाल म्हणा. फक्त त्याआधी बाहेर जाऊन एकदा बघून या, तुमच्या घराची कुंपणभिंत रस्त्यावर किती पुढे सरकली आहे ते.