खुर्चीतला नितीन

"काकू, तिथे नको. तिथे मी बसलोय."

नितीन परुळेकर हे मला म्हणाला तेव्हा तो माझ्यासमोर उभा होता. हातात झारा, खांद्यावर टॉवेल. आणि ज्या खुर्चीत मी टेकणार होते, ती खिडकीजवळची वेताची खुर्ची चक्क रिकामी होती. मी अर्धवट वाकलेली तशीच थांबले.

नितीन आमच्या समोरच्या दारात राहतो, मुलुंडला, चौथ्या मजल्यावर. मी त्याला दहा वर्षं ओळखते, म्हणजे ओळखते असं आपलं म्हणायचं. एका बड्या कंपनीच्या सगळ्या गोदामांचा तो मुख्य होता. पोरगी उठायच्या आत जायचा, ती झोपल्यावर यायचा. लिफ्टमध्ये भेटला तरी कानाला फोन. मान हलवायचा, पण ती मला हलवली की फोनवाल्याला, देव जाणे. चार महिन्यांपूर्वी मेल्याने धाडकन नोकरी सोडली. आता छोट्या छोट्या कंपन्यांना गोदाम कसं लावायचं ते घरबसल्या सांगतो. बायको नेहा बँकेत जाते आणि हा सहा वर्षांच्या गार्गीला सांभाळतो.

पण ऑफिस अंगातून गेलंय कुठे! दूधवाल्याला म्हणतो, "उद्यापासून एक लिटर, मेल टाकू का?" कामवालीला दर सोमवारी विचारतो, "मावशी, या आठवड्याचा प्लॅन काय?" ती बिचारी म्हणते, "भांडी." आणि काहीही झालं तरी याचं उत्तर एकच: "काकू, हँडओव्हर चालू आहे." भाजी करपली, हँडओव्हर चालू आहे. पोरीची एक वेणी वर एक खाली, हँडओव्हर चालू आहे.

हा हँडओव्हर, म्हणजे घरकामाचा ताबा, नेहाकडून घेत असेल, असं मी समजून चालले होते. एका दुपारी दार उघडं दिसलं म्हणून डोकावले. बघते तर हा त्या रिकाम्या खुर्चीसमोर प्लास्टिकच्या स्टुलावर अदबीने बसलाय, मांडीवर वही, आणि खुर्चीला विचारतोय, "उपम्यातले मटार काढून टाकायचे, की बाजूला ठेवायचे?" मग गप्प राहिला. ऐकल्यासारखी मान डोलावली आणि लिहून घेतलं. खुर्चीपुढच्या तिपाईवर पाण्याचा पेला होता, अर्धा प्यालेला.

कुकरची शिट्टी झाली म्हणून तो आत पळाला. मला कसली दुर्बुद्धी झाली कोण जाणे, मी जाऊन खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला. गरम! ऊन म्हणावं तर त्या दिवशी आभाळ भरलेलं. मी एक चप्पल घातली, एक हातात घेतली आणि घरी येऊन देवापुढे बसले.

आम्ही मालवणकडची माणसं. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो, आणि त्याचा मान द्यायचा राहिला तर तो असं काहीबाही दाखवतो. चार मजले वर हवेत राखणदार राहतो का, हा प्रश्न मलाही पडला, पण नारळ वाया जात नाही. शनिवारी सकाळी नारळ घेऊन गेले, खुर्चीपुढे ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं:

"बा म्हाराजा, जो कोण ह्या खुर्चेर बसलो असात, त्येका ह्यो नारळ ठेवलो हा. काय चुकला-माकला असात तर माफ कर, नि ह्या लेकराची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" नितीन सवयीने बोलून गेला. शेवटी आमच्याकडच्या परुळ्याचाच तो.

आणि खुर्चीच्या मागून खुसखुस हसू आलं. गार्गी बाहेर आली.

"सावंत आजी, तो देव नाहीये. तो बाबा आहे."

"मगे ह्यो कोण?" मी नितीनकडे बोट केलं.

"हा पण बाबाच. पण हा नवीन आहे."

नितीन खाली बघायला लागला. "काकू, बाबा कधी येणार विचारून दमली, तेव्हा हिने या खुर्चीत एक बाबा बसवला. तीन वर्षं झाली. त्याला जेवायला वाढायची, त्याच्याकडून गोष्ट ऐकायची. एका रविवारी मी फोनवर ओरडत होतो, तर मला म्हणाली, 'हळू बोल ना, बाबा झोपलाय.' दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला."

"अरे, मग टाक ती खुर्ची माळ्यावर!"

"नाही हो. कंपनीत मी माणसं एका मेलवर काढलीत. पण याने तीन वर्षं माझं काम केलंय. हिला कशाने झोप लागते, हे त्याला माहितीये, मला नाही. ती मागे बसून त्याची उत्तरं कुजबुजत सांगते, मी लिहून घेतो. ती म्हणेल तेव्हाच बसेन."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नाव बघून त्याचा चेहरा उतरला.

"जुने साहेब. आठवडाभर मागे लागलेत, सोमवारपासून परत ये म्हणून. आज उत्तर द्यायचंय." त्याने खुर्चीकडे पाहिलं. "जावं वाटतं, काकू. इथली जागा भरलेलीच आहे."

"ऑफिसने बोलावलंय?" गार्गीने विचारलं.

"हो गं."

"दोघांना?"

"एकालाच."

वजाबाकी करताना करते तसं तिने तोंड केलं. मग खुर्चीपाशी गेली. "बाबा, ऊठ. तुला ऑफिसला बोलावलंय."

वेत करकरला. आईशप्पथ सांगते, करकरला. पोरगी हवेतला हात धरून दाराकडे निघाली आणि मी, साठ वर्षांची बाई, बाजूला सरून वाट दिली. लिफ्ट आली, दार उघडलं. गार्गीने हात सोडला आणि टाटा केला.

नितीन मागून धावत आला. रिकाम्या लिफ्टमध्ये बघत म्हणाला, "संध्याकाळी वेळेवर नीघ रे. तिकडचं काम काही संपत नसतं."

दार बंद झालं आणि लिफ्ट खाली गेली. खालून कोणी बोलावली असेल.

घरात फोन वाजतच होता, कोणी घेतला नाही. गार्गीने नितीनला बोटाला धरून खुर्चीपाशी आणलं. "आता तू बस." तो कडेकडेने टेकला आणि टॉवेलात तोंड खुपसून लहान पोरासारखा रडला. ती मांडीवर चढून बसली.

मला राहवेना. हळूच विचारलं, "नितीन, गरम आहे का रे?"

"हो काकू," तो म्हणाला. "आत्ताच तर उठलो मी."