मताचा मास्टर सॅम्पल

चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, कामगारांच्या मनःशांतीसाठी, जेवणाच्या सुटीत कॅन्टीनमध्ये एक जगन्मान्य जॅझ सॅक्सोफोनचा अल्बम लावण्यात येऊ लागला. आठवड्यानं अभिप्राय मागवले. जवळपास निम्म्यांनी पाचपैकी पाच गुण दिले, जवळपास तितक्यांनीच एक. कुणी लिहिलं, 'आत्मा हलला.' कुणी लिहिलं, 'भोंगा बिघडलाय, मेंटेनन्सला कळवा.' एकट्या रोहिदासनं चार दिले.

क्वालिटीप्रमुख उद्धवराव हादरले. एका साच्यातून दोन मापं निघाली की अख्खा लॉट परत येतो. मग प्रत्येक सुट्या भागाला असतो, तसा मतालाही मास्टर सॅम्पल हवा. बाकीची मतं त्याच्याशी ताडून घ्यायची. निवड रोहिदासची झाली. तो सात वर्षं कंत्राटी होता. पण दापोडीच्या बँडपथकात सॅक्सोफोन वाजवलेला, आणि अल्बम शेवटपर्यंत ऐकलेला एकमेव माणूस.

"मास्टर झालास म्हणजे कायम झालास," उद्धवराव म्हणाले. "पत्र टाइप झालंय."

घरी त्याच्या बायकोनं, आम्रपालीनं, पत्रासाठी प्लास्टिकचं फोल्डर आणून ठेवलं. कंपनीत चाराचा अभिप्राय शिक्का मारून काचेच्या कपाटात गेला.

मंगळवारी रोहिदासनं पुन्हा ऐकलं. दुसऱ्या गाण्यात वाजवणारा मध्येच श्वास घेत होता. आई जात्यावर ओवी अर्धी सोडून मूठभर दाणे घालायची, तसा. रोहिदासचा घास हातातच राहिला.

"साहेब, पाच करा."

"मास्टर बदलत नसतो, रोहिदास."

"तो श्वास आधी ऐकू आला नव्हता."

"म्हणजे तू झिजलास," उद्धवराव शांतपणे म्हणाले. "झिजलेला मास्टर नापास मालाच्या लाल पेटीत जातो. सोबत पत्रही."

शेजारचा दिग्विजय कुजबुजला, "भावा, चार म्हण की. मी तर ऐकतच नाही, तरी चारच देतो."

रोहिदासनं चारावर सही केली. ऐकल्यानं मत हलतं हे सिद्ध झाल्यामुळे, सुधारात्मक कारवाई म्हणून त्याला जेवताना प्रेसशॉपमधली, यंत्रांचा आवाज अडवणारी कानातली बुचं देण्यात आली. पुढच्या आठवड्यात सगळ्यांनाच. अल्बम रोज वाजतो. मतभेद शून्य.

ही पद्धत घरोघरी न्यायची म्हणून कंपनीनं पाहणी केली. ही पद्धत तुमच्या घरी आधीपासूनच सुरळीत चालू असल्याचं आढळलं. बुचं लागली नाहीत.