मल्लाप्पाण्णांचा दुसरा गियर

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एक मोटर ड्रायव्हिंग स्कूल आहे. तिथं शिकायला येणाऱ्या निम्म्या लोकांना गाडी आधीच येते. दहा-दहा वर्षं टेम्पो, ट्रक, रिक्षा चालवलेले हे बाप्ये संध्याकाळी सात वाजता लाल 'एल' लावलेल्या गाडीत निमूट बसतात. शेजारी बसलेले मल्लाप्पाण्णा म्हणतात, "तोंड हिकडं कर. हां, आता सोड श्वास."

वास आला तर उतरायचं. नाही आला तर किल्ली मिळते.

अण्णा मूळचे नेसरीचे. सत्तरी ओलांडलेली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. दारू सोडलेल्या माणसाला पुन्हा संसाराला लावणं हा त्यांचा खरा उद्योग. एका शिष्यानं कौतुकानं दारावर 'लाइफ कोच' अशी पाटी लावून दिली. अण्णांनी तिच्याखाली खडूनं लिहिलं, 'दुपारी एक ते चार झोप.'

कुणी पीतच असेल तर त्याला ते आधी व्यसनमुक्ती केंद्राची वाट दाखवतात. "अंगातली डॉक्टर काढतोय. डोक्यातली ऱ्हाती, ती माझ्याकडं." आणि डोक्यातली काढायची त्यांची पद्धत अशी, की शिष्य पूर्वी ज्या रस्त्यानं प्यायला जायचा, त्याच रस्त्यानं, त्याच वेळेला गाडी न्यायची. सगळ्या बारवरून. दुसऱ्या गियरात.

"तिसऱ्यात पळालास म्हंजे भ्यालास. पैल्यात रेंगाळलास म्हंजे गेलास. दुसरा धर."

मागं हॉर्नचा नुसता कल्लोळ होतो. अण्णा खिडकीतून डोकं काढून ओरडतात, "ओ पावणं, शाळा चालू हाय हितं!"

मी तीस वर्षं शाळेत मास्तरीण होते. माझ्या तोंडाला लागू नये असं आमच्या गल्लीत म्हणतात. या दुसऱ्या गियरच्या वरातीला मी गॅलरीतून मनसोक्त हसून घेतलं. मग माझा धाकटा भाऊ दिलीप तिसऱ्यांदा केंद्रातून घरी आला आणि माझं हसू बंद झालं.

दिलीप टेम्पो चालवायचा. त्याची बायको सुजाता लेकीला घेऊन माहेरी जयसिंगपूरला निघून गेली होती. जाताना भांडली नाही. एवढंच म्हणाली, "सहा महिने कोरडं ऱ्हावा. मग न्यायला या. त्याआधी नगं." आधीच्या दोन खेपांना दिलीपचा दम महिनाभरात संपला होता. आता पुन्हा घसरला तर सुजाता काही परत येत नाही, हे मला लख्ख दिसत होतं. मी त्याचा कान धरला आणि त्याला अण्णांपुढं नेऊन उभं केलं.

"मी बी गाडीत बसणार," मी म्हणाले.

"बसा की ताई. मागं बसा. पर तोंड बंद."

मला असं माझ्या सासूनंही कधी सांगितलं नव्हतं. पण सांगते काय, सहा महिने मी तोंड बंद ठेवून मागं बसले.

चौथ्या आठवड्यातली गोष्ट. दिलीपचा नेहमीचा बार आला आणि त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला. गाडी मंद झाली. दारातल्या वेटरनं ओळखीचा हात केला. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो. मला वाटलं, अण्णा आता काहीतरी करतील.

अण्णांनी विचारलं, "दिलीप, अंबाड्याच्या भाजीला लसूण कवा घालायचा?"

दिलीप गोंधळला. "फोडणीत."

"किती पाकळ्या?"

"सात-आठ."

"ठेचून का अख्ख्या?"

"ठेचून की!" दिलीप चिडून म्हणाला, आणि चिडीत पाय पुन्हा दाबला गेला. बार मागं पडला होता.

घरी आल्यावर मी अण्णांना धारेवर धरलं. ब्रेक होता की तुमच्याकडं! ते म्हणाले, "ताई, मी ब्रेक दाबला आसता तर गाडी थांबली आसती. कुटं थांबली आसती? त्याच दारात."

त्या दिवशी मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले. माणसाच्या पायात पाय न घालता त्याला सावरायची ही विद्या मला तीस वर्षांत एकाही पोराच्या बाबतीत साधली नव्हती.

बघता बघता सहा महिने पूर्ण झाले. रविवारी सुजाताला आणायला जायचं ठरलं. आणि शनिवारी दिलीपच्या मित्रांनी जे केलं ते फक्त कोल्हापूरकरच करू जाणे. त्यांनी दारू सोडल्याची पार्टी ठेवली.

त्यातल्याच बंड्याच्या शेतात तांबडा-पांढरा रस्सा. आंब्याच्या झाडाला दिलीपच्या फोटोचा फ्लेक्स, 'दारूमुक्तीबद्दल हार्दिक अभिनंदन'. आणि फ्लेक्सखाली ओळीनं मांडलेल्या बाटल्या. यात काही चुकतंय असं तिथल्या एकाही शहाण्याला वाटलं नाही. प्रेमानं उतू चालले होते बिचारे. अण्णांना प्रमुख पाहुणे केलं होतं. शाकाहारी माणूस, डब्यात भाकरी आणि दही घेऊन आला. मी वाटेत म्हटलं होतं, जाऊच नका दोघं. तर म्हणाले, "मैतर हायत त्याचं. आज न्हाय तर उद्या बोलवत्यालच. एकटा जाण्यापरीस आज जाऊ दे."

बंड्यानं दिलीपच्या पुढ्यात भरलेला ग्लास ठेवला. "सहा महिनं काढलंस गड्या! आता एक तर हक्काचा हाय!"

दिलीप ग्लासाकडं बघत राहिला. मी अण्णांकडं बघितलं. विचारा की आता लसूण! पण अण्णांच्या तोंडून शब्द निघेना. पहिल्यांदाच.

दिलीपनंही त्यांच्याकडं बघितलं, आणि ताडकन उठला. "अण्णा, उठा. तुमचं हात कापाय लागल्यात."

खरंच, हातातली भाकरी थरथरत होती. दिलीपनं त्यांना दंडाला धरून गाडीत बसवलं आणि स्वतः स्टेअरिंगवर बसला. बंड्या मागून हाका मारत होता. त्यानं वळूनही बघितलं नाही.

निम्म्या वाटेवर अण्णा बोलले. "एकवीस वर्सं झाली मला दारू सोडून. वास आला की आजून आसं हुतंय."

अख्ख्या पेठेला वाटायचं, या माणसानं जन्मात बाटली बघितली नसेल.

"माझी बी बायको म्हायेरी गेलती, नेसरीलाच. मला सोडायला नऊ वर्सं लागली. सोडली आणि धा महिन्यांनी तिला आणाय गेलतो. तिनं दार उघडलं. रागावली न्हाय, रडली न्हाय. बसाय चटई टाकली. तांब्या पुढं केला आणि म्हणाली, पाणी घ्या पावणं. प्यालो, आणि एकटाच माघारी आलो."

दिलीपनं गाडी बाजूला घेतली. मला रडू आवरेना, आणि तोंड बंद ठेवायला मला कुणी सांगितलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जयसिंगपूरला अण्णांनाही आम्ही ओढूनच नेलं. ते गाडीतून उतरले नाहीत. काच खाली करून बसले. दिलीप पायरीवर जाऊन उभा राहिला, मी फाटकाशी. दार उघडलं. सुजातानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चपला घालूनच येताय व्हय आत? आत्ता फरशी पुसलीया मी! आणि ह्ये शर्टाचं बटन कुटं गेलं? सहा महिन्यांत एक बटन लावाय ईना?"

दिलीप खाली वाकून चपला काढू लागला. त्याला त्या सुटेनात.

मी सांगायला गाडीकडं पळाले. अण्णांनी सगळं ऐकलं होतं. शर्टाच्या बाहीनं ते डोळे पुसत होते.

"ताई, रागावली न्हवं?"

"रागावली की अण्णा!"

"चांगली रागावली," ते म्हणाले. "तुम्ही जावा आत. मी बसतो हितं जरा."