भिंगरीच्या कानांसाठी चार फोन

वेळापत्रक या विषयात मला हरवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे! बस आगारात ड्युट्या लावते मी. दोनशे दहा ड्रायव्हर, तितकेच कंडक्टर. कुणाच्या मेव्हण्याचं लग्न, कुणाची दुखरी दाढ, कुणाची नुसतीच कुरकुर, हे सगळं पोटात घालून पहाटे पाचची गाडी पाचला सुटते म्हणजे सुटतेच. तेव्हा कानाच्या डॉक्टरांची एक वेळ मिळवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

असं मी म्हणाले. चांगलं खणखणीत म्हणाले. घरात सगळ्यांनी ऐकलं. जिच्यासाठी म्हणाले तिने तेवढं ऐकलं नाही, आणि तीच तर काळजी होती.

भिंगरी आमची सहा वर्षांची. खऱ्या नावाने तिला फक्त शाळेचं हजेरीपुस्तक ओळखतं. घरभर गरगरत असते म्हणून भिंगरी. शाळेतून चिठ्ठी आली की मुलीचं लक्ष नसतं, पाठमोरी असली की हाकेला ओ देत नाही. नेहमीच्या डॉक्टरांनी कानात उजेड पाडून पाहिलं आणि म्हणाले, "मोठ्या डॉक्टरांना दाखवा. उशीर करू नका. या वयात ऐकणं मागे पडलं की बोलणं मागे पडतं, वाचणं मागे पडतं." त्यातलं 'उशीर करू नका' एवढंच मी घरी घेऊन आले.

हे मोठे डॉक्टर म्हणजे लहान मुलांच्या कानांचे शहरातले एकुलते एक. त्यांच्याकडे नव्या पेशंटची नावं महिन्यातून एकदाच घेतात. पहिला सोमवार, सकाळी नऊ ते साडेनऊ, फक्त फोनवर. साडेनऊनंतर फोन केलात तर एक रेकॉर्ड केलेली बाई इतक्या गोड आवाजात 'नाही' म्हणते, की आपणच तिचे आभार मानतो.

मी रविवारी तक्ता आखला. चार माणसं, चार फोन, चार खोल्या. स्वयंपाकघरात सासूबाई, गॅलरीत हे, जिन्यात माझे दीर, आणि मी मुख्य गाडीवर, म्हणजे डायनिंग टेबलाशी.

"वहिनी, जिन्यातच का? घरात बसतो ना," दीर म्हणाले.

"भावजी, रेंज जिन्यात चांगली असते. हा तक्ता आहे, चर्चासत्र नाही!"

सोमवारी नऊला चौघांनी एकदम बोट दाबलं. फोन लागायचा नाहीच, असं सगळे सांगत होते. नऊ वाजून सात मिनिटांनी गॅलरीतून आरोळी आली, "लागला!" पाठोपाठ माझाही लागला. मग जिन्यातून भावजी तीन-तीन पायऱ्या चढत आले, "वहिनी, बुधवार, साडेअकरा!" आणि सगळ्यात शेवटी सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "त्या बाई फार चांगल्या आहेत गं. मी आपलं भिंगरी असंच नाव दिलं. त्यांनी उद्या सकाळी दहाची वेळ दिली."

चार माणसं, चार वेळा! एवढ्या जादा गाड्या मला आगारात उभ्या करता आल्या असत्या, तर मी कधीच मॅनेजर झाले असते. पण मी शिस्तीची बाई. दुसऱ्या कुणाच्या लेकराची वेळ आपण अडवून ठेवायची नाही. आंघोळीला जाता जाता मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'एक ठेवू, बाकीच्या लगेच रद्द करा.'

आता आमच्या घराचा एक जुना आजार सांगायला हवा. भिडस्तपणा! आमच्या ताटलीतला शेवटचा तुकडा कुणी खात नाही. 'तुम्ही घ्या', 'छे, तुम्ही घ्या' करत तो तुकडा दोन दिवस फ्रीजमध्ये राहतो आणि तिसऱ्या दिवशी बाहेर जातो. एकदा तर लिफ्टच्या दारात 'आधी तुम्ही' म्हणता म्हणता लिफ्टच निघून गेली होती.

मी केस पुसत बाहेर आले. "तर आईंची दहाची ठेवली ना?"

सासूबाईंचा चेहरा उतरला. "अगं, मी रद्द केली. म्हटलं, तुझी असेल ती चांगली असेल. मी म्हातारी, माझं काय एवढं!"

"अहो, मग तुमची?"

"मी धाकट्याची राहील म्हणून काढून टाकली," हे म्हणाले. "त्याने तीन-तीन पायऱ्या चढून आणली होती. वाईट वाटलं असतं त्याला."

भावजींनी जमिनीकडे पाहिलं. "दादाच्या आधी माझी ठेवायची, बरं दिसतं का ते?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी टॉवेलकडे बघायला लागले. कारण आंघोळीला शिरायच्या आधी मीच माझी रद्द करून गेले होते. आईंची दहाची राहील, या भरवशावर! आयुष्यभर प्रत्येक ड्युटी गाडीच्या नंबरासकट लिहिणारी मी, 'एक ठेवू' लिहिताना कुठली ते लिहायला विसरले होते.

नऊ अठ्ठावीसला फोन केला. आम्ही सोडलेल्या चारही जागा केव्हाच भरल्या होत्या. "पुढचा सोमवार महिन्याने," पलीकडची बाई म्हणाली. "आणि तेव्हा पहिल्या काही मिनिटांत फोन लागला नाही, तर तारीख त्यानंतर दोन महिन्यांची. पुढचा कॉल."

तीन महिने! आणि डॉक्टर म्हणाले होते, उशीर करू नका. भिंगरी सोफ्यावर बसून आमची चार तोंडं आळीपाळीने निरखत होती. आम्ही सगळे का गप्प आहोत, हे तिला कळत नव्हतं. आम्ही सगळे काय बोलतो, हे तरी तिला किती कळत होतं, कोण जाणे!

मंगळवारी आम्ही फौजफाटा घेऊन थेट दवाखान्यावर धडकलो. काचेच्या खिडकीमागे एक बाई होत्या. केस इतके घट्ट बांधलेले की भुवया आपोआप वर ओढल्या गेलेल्या. 'एका पेशंटबरोबर एकच माणूस' अशी पाटी होती. त्या एका पाटीने माझी फौज रस्त्यावर गेली. तिघेजण बाहेरच्या काचेला नाक लावून, माशांच्या टाकीतल्या माशांसारखे आमच्याकडे बघत उभे राहिले.

मी खिडकीशी वाकले. "ताई, चार वेळा मिळाल्या होत्या आम्हाला."

"मग?"

"रद्द केल्या."

"कुणी?"

"आम्हीच."

"किती?"

"चारही."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. समोर अजून मीच आहे याची त्यांनी खात्री करून घेतली. "बसा. कुणी आलं नाही तर बघू. रोज सगळे येतात," असं म्हणून त्यांनी खिडकी सरकवली. खिडकी बंद झाली की पलीकडचं अवाक्षर इकडे येत नसे. तोंडं तेवढी हलताना दिसायची.

एक तास गेला. समोर बसलेलं एक बाळ रडून रडून झोपलं. बाहेरून भावजी 'काय झालं?' अशा अर्थाने दोन्ही हात पंख्यासारखे फिरवत होते. इतक्यात काचेमागे फोन वाजला असावा. बाईंनी तो उचलला, दोन वाक्यं बोलल्या, आणि भिंगरीने माझी बाही ओढली.

"आई, दहा चाळीसवाले येत नाहीयेत. त्यांना ताप आलाय."

"कुणी सांगितलं तुला?"

"त्या बाईंनी."

मी पुढचा-मागचा विचार न करता खिडकीवर जाऊन थडकले. "ताई! दहा चाळीस! तापवाले! ती जागा आमची!"

बाईंच्या हातात अजून फोनच होता. त्यांनी खिडकी उघडली. "तुम्ही आमचे फोन ऐकता?"

"मी नाही हो, हिने."

"काय ऐकलं हिने? काचेतून?"

"मी नाही ऐकलं," भिंगरी म्हणाली. "बघितलं."

बाईंनी खिडकी पूर्ण बंद केली, काचेजवळ तोंड आणलं आणि ओठ हलवले. आवाजाचा टिपूसही आला नाही.

"भिंगरी," माझी लेक म्हणाली.

पुन्हा ओठ हलले.

"सहा."

तिसऱ्यांदा ओठ हलले, आणि भिंगरी खुदकन हसली. "हो, खूपच! घरीपण!"

"काय विचारलं गं?"

"तुझी आई नेहमी एवढं बोलते का."

मी हसणार होते. पण बाई हसत नव्हत्या. खिडकी उघडून त्यांनी अगदी हळू विचारलं, "किती दिवस ही अशी बघून ऐकते आहे?"

मी मनात दिवस मोजायला लागले. काही सांगायचं असलं की भिंगरी दोन्ही तळव्यांत माझी हनुवटी धरते आणि माझं तोंड आपल्याकडे वळवते. पीठ मळताना, केर काढताना, फोनवर बोलताना. किती महिने झाले असतील! मी समजत होते, लेकीला आईचं मुख बघायची हौस. शेजारणींना कौतुकाने सांगत होते मी! माझं लेकरू माझ्या तोंडावरून शब्द वेचत होतं, अंगणात सांडलेले दाणे चिमणीने वेचावेत तसे, आणि मी आपली लाडाने गाल पुढे करत होते.

बाईंनी रजिस्टर ओढलं आणि दहा चाळीसच्या ओळीत स्वतःच्या हाताने लिहिलं, 'भिंगरी'. आडनाव विचारायलाही विसरल्या.

डॉक्टर उंच, वाळके आणि शब्दांच्या बाबतीत अतिशय कंजूष. मी शाळेच्या चिठ्ठीपासून सुरुवात केली तसा त्यांनी हात वर केला. "आईंनी बोलू नये." ही अट तोंडी होती, म्हणून बरं. लेखी असती तर मी सही केली नसती.

तपासणीच्या छोट्या खोलीत भिंतींना जाड गादी लावलेली. भिंगरीसमोर एक पत्र्याचा डबा आणि लाकडी मण्यांची परडी. भोंग्यातून आवाज आला की एक मणी डब्यात टाकायचा, एवढाच खेळ. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर. डॉक्टर काचेपलीकडे यंत्राशी.

टूं... टक्! मणी पडला. टूं... टक्! आवाज बारीक होत गेला, अगदी डासाच्या बाळाने गुणगुणावं इतका, तरी टक्! माझा ऊर भरून आला. लेक माझी शंभरपैकी शंभर मिळवत होती!

डॉक्टर बाहेर आले. हातातल्या कागदाकडे आणि भिंगरीकडे आळीपाळीने बघितलं. "या मुलीला हरणासारखं ऐकू येतं."

"येतं ना!" मी उडालेच. "म्हणजे काहीच नाही ना, डॉक्टर?"

डॉक्टरांनी मग माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्हाला आवाज ऐकू आला की तुम्ही काय करता?"

"मी? काही नाही! गप्प बसले होते मी. तुम्हीच सांगितलंत."

"आईच्या भुवया उडतात," भिंगरीने माहिती पुरवली. "उडाल्या की मणी टाकायचा."

झालं! शंभरपैकी शंभर मार्क माझ्या भुवयांचे! परीक्षेत लेकीला कॉपी पुरवणारी मी पहिलीच आई नसेन, पण कपाळावरून पुरवणारी बहुधा पहिलीच.

डॉक्टरांनी माझं स्टूल उचललं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. वर्गातल्या वांड पोरासारखी मी गादीच्या भिंतीकडे बघत बसले. पुन्हा खेळ सुरू झाला.

टूं.

मी वाट पाहिली. मणी पडला नाही.

टूं. जरा मोठा. मागे नुसती शांतता. पायांचा चाळा ऐकू येत होता, परडीत बोटं फिरत होती, पण डबा गप्प. भिंतीकडे तोंड करून मी मनातल्या मनात म्हणत होते, टाक गं बयो, टाक एक मणी! आवाज आणखी मोठा झाला. आणखी मोठा. आणि मग, कितीतरी वेळाने, टक्.

त्या एका मण्याने मला इतकं रडू आलं की गादीची भिंत भिजली.

डॉक्टरांनी रुमाल पुढे केला. त्यांच्याकडे तोही असतो, हे मला नवीन होतं. मग त्यांनी त्या दिवसातलं सगळ्यात लांब भाषण केलं. "पडद्यामागे पाणी साठलंय. दोन्ही कानांत. घट्ट झालंय, म्हणून आवाज आत जात नाही. बाकी नस वगैरे उत्तम. छोटंसं काम आहे, पाणी काढून टाकू. ऐकू येईल."

"नक्की?"

"आईंनी बोलू नये," डॉक्टर म्हणाले, पण हसून म्हणाले.

बाहेर माझी फौज उभीच होती. मी सांगितलं तशी सगळे आत शिरले आणि सासूबाई काचेच्या दारातच डोळे टिपायला लागल्या. मग दारातून आधी कोणी बाहेर पडायचं यावर पाच मिनिटं गेली. 'आई, तुम्ही.' 'नाही, भिंगरीला जाऊ दे.' शेवटी खिडकीतल्या बाई ओरडल्या, "कुणीतरी एकजण हला! मागे पेशंट आहेत!"

पुढच्याच पंधरवड्यात ते छोटंसं काम झालं. ती तारीख मी मागितली नाही, बाईंनीच फोन करून दिली. तो फोन घरातल्या एकाच माणसाने घ्यायचा, अशी अटही घातली.

आणि मग घर भिंगरीला नव्याने सापडायला लागलं. "आई, हे काय वाजतंय?" अगं, ती दाराची कडी. "आणि हे?" तो तुझ्याच पावलांचा आवाज. एक सकाळ तिने पाण्याच्या नळाखाली नुसती वाटी धरून घालवली. मी आणि हे दारात उभे राहून ऐकत होतो, जसं काही नळ आम्हीच जन्माला घातला होता.

परवा तिची वेणी घालायला बसले. मुद्दाम पाठमोरी बसवली. लेकीच्या वेणीचं माझं एक गाणं आहे, मीच जुळवलेलं. तान्ही होती तेव्हापासून रोज गाते. म्हटलं, आज पहिल्यांदा माझं लेकरू ते खरंखुरं ऐकेल. घसा खाकरला आणि सूर लावला:

लेकीचे गं केस, जसं नदीचं गं पाणी,
वळता वळेना, माझी भिंगरी गं राणी...

भिंगरी एकदम स्तब्ध झाली. मान ताठ. श्वास रोखून ऐकत होती. मी दुसरी ओळ आणखी जीव ओतून घेतली. आवाज चढवला. तिसऱ्या ओळीला तिने हळूच वळून माझ्या हातावर हात ठेवला. डोळ्यांत इतकी माया होती की काय सांगू!

"आई," ती अगदी समजुतीने म्हणाली, "आता नाही गायलीस तरी चालेल. मला ऐकू येतं."

सध्या वेणी सासूबाई घालतात.